वीस मिनिटांचं बटण

खोपोली
दि. २० जानेवारी २०२५

चि. सौ. सुरभी हिस,

आशीर्वाद. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस म्हणून पोस्टाने लिहिते आहे. तुझ्या माहेरचा, नेरळचा पत्ता लग्नपत्रिकेवरून घेतला. पत्र रजिस्टर केलं आहे, तेव्हा मिळालंच नाही असं म्हणता येणार नाही.

आधी कामाचं. स्वयंपाकघरातला पंखा पाच तारखेपासून थांबलेला नाही. आज सोळावा दिवस. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते म्हणून तू बसवलेलं यंत्र भर थंडीत रात्रंदिवस चालतं आहे. बटण दाबून पाहिलं. बोर्डाची वायर काढून पुन्हा लावून पाहिली. मीटरजवळचा खटका पाडला तर त्याच लाइनीवरचा फ्रिजही बंद पडतो. वायरमनला बोलावलं, तर त्याने डबी उघडली, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. म्हणाला, "बाई, ज्यानं हे जोडलंय त्यालाच बोलवा. मी हात लावला नि काय जळलं तर तुमी माझ्या नावानं बोंब माराल."

म्हणून तुला विचारते. कोणती वायर काढायची तेवढं कळव. चित्र काढून पाठवलंस तरी चालेल.

दुसरं. तुझ्या वकिलांची नोटीस आली. त्यापूर्वी पोलीसही येऊन गेले. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. हर्षद रागीट आहे, कारखान्यात पाळ्या बदलतात त्यामुळे झोप होत नाही, पण त्याला बायकोवर हात उचलताना मी कधी पाहिलेलं नाही. हा माझा जबाब आहे आणि तो खोटा नाही. मी बाहेरच्या खोलीत होते. मी पाहिलेलं नाही.

हात भाजल्याचं म्हणशील, तर त्या दिवशी टेबलावर सोल्डरिंगचं काम तूच करत होतीस. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. गरम वस्तू हाताळताना भाजतं, हे मला सांगायला नको.

कानाचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझ्या चपला दाराशी आहेत तशाच आहेत. स्टेशनपर्यंत अनवाणी जायची काही गरज नव्हती.

इंदुमती ठोंबरे


खोपोली
दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुरभी हिस,

तुझा कागद मिळाला. चित्र स्वच्छ आहे. खाली चार शब्द: "आधी मेन बंद करा." ना मायना, ना सही. ठीक आहे.

मेन बंद करून डबी उघडली. तुझं काम नीटनेटकं आहे, हे मी पूर्वीही म्हटलं होतं. एका बाजूला बोटाएवढा बोर्ड, त्याच्या शेजारी निळी ठोकळी, म्हणजे तुझा रिले. बोर्डाने इशारा दिला की ठोकळीच्या आतली पट्टी टक करून जुळते आणि पंख्याला वीज मिळते. इशारा थांबला की पट्टी सुटायला हवी. ती सुटलेली नाही. ठोकळीचं झाकण मी सुरीने उचकटलं. ठिणग्यांनी दोन्ही टोकं वितळून एक झाली आहेत. बोर्डाला वाटतं आहे की पंखा कधीच थांबला. पंखा मात्र फिरतोच आहे.

तू हे सांगितलं होतंस. दोन वर्षांपूर्वी, जून महिन्यात, याच टेबलावर. हर्षदने कारखान्याच्या भंगारातून हा बारा इंची धूड पंखा उचलून आणला होता. चालू केला तेव्हा मांडणीतली भांडी वाजली. तू म्हणालीस, "आई, ह्या मोटारीला हा रिले नाही पुरणार. चिकटून बसेल. मोठा हवा." मी म्हटलं, "कारण सांग." तू कारण सांगितलंस, मोटार सुरू होताना किती वीज खेचते आणि थांबताना कशी ठिणगी पाडते. बरोबर सांगितलंस. माझ्या वर्गात असतीस तर पैकीच्या पैकी दिले असते. त्या आठवड्यात आपण दोघींनी सगळं जोडलं. भिंतीवर हवेतला दमटपणा मोजणारी ती पांढरी जाळीची डबी लावली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला बाहेरच्या बाजूने बटण बसवलं. ते माझ्यासाठी होतं. फोडणीचा ठसका मला सोसत नाही म्हणून. एकदा दाबलं की वीस मिनिटं पंखा, मग आपोआप बंद. तू म्हणालीस, "आई, हे तुमचं बटण."

मोठा रिले हवा असं तू हर्षदलाही सांगितलंस, जेवताना. तो म्हणाला, "पंखा फिरतोय ना? मग गप जेव की. घरात एक मास्तरीण हाय ती पुरे हाय."

मी म्हटलं, "हाय नाही, आहे."

तू हसलीस. तेवढंच. त्याने हातातलं ताट तुझ्या तोंडावर मारलं. चष्म्याची काच गालात शिरली. मी त्याला म्हटलं, "अन्नाचा अपमान करू नकोस."

हे आज लिहून वाचताना बरं वाटत नाही. पण मी तसंच म्हटलं होतं.

तू मागवलेला मोठा रिले टेबलाच्या खणात सापडला. दोन वायरी डाख दिलेल्या, तिसरी अर्धवट. तुझं सोल्डरिंग आयर्न त्याच्याच शेजारी. काम पुरं करावं म्हणून मी ते तापत घातलं. टोकाला काळा थर होता. मला वाटलं, डाखासोबत वापरायचं रोझिन जळलं असेल. तापल्यावर वास आला. तो रोझिनचा नव्हता. प्रयोगशाळेत एकदा एका मुलाचा हात बर्नरवर गेला होता, तेव्हा आला होता तो वास.

मी आयर्न बंद केलं. त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

हर्षदच्या वकिलाने माझ्यासाठी प्रतिज्ञापत्र तयार केलं आहे. सून स्वभावाने निष्काळजी, विजेच्या वस्तूंशी खेळण्याची सवय, भाजली ती स्वतःच्या चुकीने, कानाचं दुखणं जुनं. कर्जतच्या कोर्टात तारीख बारा मार्चची आहे. त्याआधी मी सही करायची आहे. हर्षद रोज विचारतो, "केलीस का सही?" मी म्हणते, मसुद्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, त्या आधी दुरुस्त करून आण.

इंदुमती ठोंबरे


खोपोली
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. सुरभीस,

डबीत बोर्डाच्या खाली नखाएवढं कार्ड आहे, हे तुझ्या चित्रात नव्हतं. मला वाटतं तू मुद्दाम दाखवलं नाहीस. किंवा विसरली असशील. मी ते काढून माझ्या फोनमध्ये घातलं.

दमटपणाच्या नोंदी ठेवते आहे असं तू बसवताना म्हणाली होतीस, म्हणजे दर वर्षी पंखा किती चालला ते कळेल. प्रत्येक वेळी पंखा का लागला तेही यंत्र लिहून ठेवतं, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. तारीख, वेळ आणि पुढे एक शब्द. "दमट" किंवा "बटण".

जून ते सप्टेंबर "दमट"च्या ओळीच्या ओळी आहेत. दिवसातून दहा-दहा वेळा. ऑक्टोबरात विरळ होतात, नोव्हेंबरात संपतात. "बटण" संपत नाही.

सकाळी नवाच्या आसपासचं बटण फोडणीचं आहे. ते मी सोडून दिलं. उरलेलं वाचलं.

११ ऑगस्ट, रविवार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, बटण. दोन एकोणतीस, बटण. दोन सत्तेचाळीस, बटण. त्या दिवशी जेवणं एकलाच आटोपली होती. तू ओटा पुसून घेतला होतास. राखीपौर्णिमेला येणार का, असं तू फोनवर तुझ्या भावाला, संतोषला, विचारलंस आणि हर्षदने ते ऐकलं. माहेरच्यांना बोलावून घेतेस, चुगल्या करतेस, म्हणून त्याने तुझे केस मुठीत धरले आणि तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा नाही. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पहिल्या आवाजाला मी उठले, चौकटीशी गेले, बटण दाबलं आणि परत येऊन पेपर उघडला. पंखा एवढा घरघरतो की मग पलीकडच्या खोलीतलंही नीट ऐकू येत नाही. भिंतीपलीकडे खतीजाच्या घरात तर नाहीच, असं मला वाटायचं.

वीस मिनिटं संपत आली की मी घड्याळाकडे बघायचे. आतलं संपलं नसलं तर पुन्हा उठायचे. दोन दहा, दोन एकोणतीस, दोन सत्तेचाळीस. वजाबाकी करून बघ. एकदाही वीस मिनिटं पुरी होऊ दिली नाहीत मी. मध्ये एका क्षणाचीही शांतता पडू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी केर काढताना ओट्याखाली तुझा दात सापडला. तो मी कागदात गुंडाळून टाकला. तुला सांगितलं, कुणी विचारलं तर म्हण, मोरीत पाय घसरला.

१८ डिसेंबर. अकरा पंचवीस, बटण. अकरा त्रेचाळीस, बटण. त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र उगवेपर्यंत आपल्याकडे गॅस पेटत नाही हे तुलाही माहीत आहे, मलाही. हर्षदची दुसरी पाळी होती, डबा नको म्हणून तो निघायच्या बेतात होता, आणि त्याला पट्टा सापडेना. तू शोधून दिलास. तोच पट्टा. बक्कल ज्या बाजूला असतं त्या बाजूने. तू फार ओरडली नाहीस, असं लिहिणार होते. पण पंखा चालू असूनही मला ऐकू आलं, म्हणजे किती ओरडली असशील.

५ जानेवारी. एक वाजून बारा मिनिटं, बटण. यानंतरच्या ओळी पंखा थांबतो का ते पाहायला मी दाबल्याच्या आहेत. तू तिसरी वायर डाखत होतीस. तो म्हणाला, "भूक लागलीय." तू म्हणालीस, "दोनच मिनिटं. हे थंड झालं तर परत करावं लागेल." तो म्हणाला, "थंड होतंय व्हय? बघू." पुढचं मी चौकटीतून पाहिलं.

पोलिसांना मी सांगितलं की पाहिलेलं नाही. बटण चौकटीलाच आहे. ते दाबायला गेलं की आतलं सगळं दिसतं. दर वेळी दिसलं. त्या दिवशी त्याने गुडघ्याने तुझा हात टेबलाशी दाबून धरला होता आणि आयर्न कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. माझं बोट बटणावर होतं. मी दाबलं. पंखा सुरू झाला आणि मी वळले. कानाखाली त्याने किती मारल्या ते त्यामुळे मला माहीत नाही.

तोच शेवटचा झटका त्या लहान रिलेला सोसला नाही. पंखा सोळा दिवस थांबेना, असं मी तुला तक्रारीच्या सुरात लिहिलं. तो चालूच राहावा असं माझ्याच बोटाने सांगितलं होतं.

हे पत्र मी शिळं होऊ देणार नाही. आत्ताच पोस्टात टाकते.

इंदुमती ठोंबरे


खोपोली
दि. २ मार्च २०२५

चि. सुरभीस,

रिले बसवला. त्याच आयर्नने. टोक आधी कानशीने घासून स्वच्छ केलं, घासलेलं कागदात ठेवलं आहे, टाकलेलं नाही. तुझं बरोबर होतं, मोठाच हवा होता. आता पंखा सांगितल्यावर लागतो आणि सांगितल्यावर थांबतो. दोन महिन्यांनी घरात शांतता झाली. हर्षद बाहेरून आला आणि दारातच थांबला. म्हणाला, "पंखा का बंद केलास?" मी म्हटलं, "दुरुस्त झाला." त्याला ते आवडलं नाही.

काल खतीजाकडे गेले होते. भिंतीला भिंत लागून बावीस वर्षं झाली, पण मी त्यांच्या घरात बसायला अशी चार-पाच वेळाच गेले असेन. ती मागच्या दारी मांदेली साफ करत होती. मी विचारलं, "खतीजा, आमच्याकडचं तुम्हाला कधी काही ऐकू आलं का? खरं सांग."

तिने सुरी खाली ठेवली नाही. "बाई, मला शाळेतल्या पोरीवानी विचारू नका."

"बरं. मग कसं विचारू?"

"काय ऐकू आलं म्हणता? पंका ऐकू आला की. पंका लागला की आमी टीवी मोठा करायचो. आमचे मालक, महंमद, तर म्हनायचे, लागला बघ ठोंबऱ्यांचा पंका, नि उठून बाहेर जायचे. भर थंडीत, बारा वाजता, फोडनी नाय, वास नाय, कुनाच्या घरात पंका लागतो वो? अख्ख्या ओळीला ठाऊक हाय. पोरं खेळताना म्हनतात, ए, पंका लागला, पळा."

"मग आला का नाहीत कुणी?"

आता तिने सुरी ठेवली. "तुमी होता ना घरात. आमाला वाटलं, बाई हायेत. बाई बघतील."

मी उठले. ती म्हणाली, "आता आलाच हाय तर चहा घ्या." मी चहा घेतला. कप विसळून ठेवला आणि घरी आले.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, ती तुला सांगते, कारण तुला कारण विचारायची सवय आहे. आमच्या वेळी रेडिओ होता. तुझे सासरे चिडले की आधी उठून रेडिओ मोठा करायचे. बातम्या असोत की शेतीचे कार्यक्रम. मग पट्टा. माझ्या पाठीवर दोन वळ आहेत ते बागेतल्या तारेचे नाहीत. मी पदवीधर होते, दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन फळ्यावर ध्वनीचं परावर्तन शिकवायचे. हर्षद तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. रेडिओ मोठा झाला की तो गॅलरीत जाऊन बसायचा. नंतर तो मोठा झाला, अभ्यास करीना, तेव्हा मी त्याला छडीने फोडून काढलं आहे. त्याआधी मीही रेडिओ मोठा करायचे. त्याला घरात हे शिकवणारे आम्ही दोघं होतो. तुझ्यासमोर मी त्याचं फक्त "हाय" सुधारत बसले.

हे मी त्याची बाजू म्हणून सांगत नाही. तो अडतीस वर्षांचा आहे, आणि आयर्न त्याच्या हातात होतं.

प्रतिज्ञापत्र दुरुस्त होऊन आलं. शुद्धलेखन आता बरोबर आहे. सही न करायला दुसरं कारण उरलेलं नाही, तेव्हा खरं कारण सांगावं लागेल. येत्या रविवारी त्याला सुट्टी आहे. तेव्हा सांगेन. परवा नुसतं "विचार करते" म्हटलं तर त्याने स्टीलचा तांब्या फेकला, तो कानाजवळून जाऊन फ्रिजच्या दारात खळगा पाडून खाली पडला. म्हणाला, "पुढच्या वेळी चुकनार नाय."

मी "नाय नाही, नाही" असं म्हटलं नाही. काही गोष्टी सुधारायच्या पलीकडे गेल्या की निदान ते तरी कळावं.

इंदुमती


खोपोली
दि. ११ मार्च २०२५

सुरभी,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर लागत नसेल तर तुझ्या वकिलांना दाखव, त्यांना सवय असेल. उजवं मनगट मोडलं आहे. दोन बरगड्यांनाही तडा आहे, हसलं की दुखतं. हसायचा प्रसंग एकदाच आला, तो सांगेन.

रविवारी दुपारी मी तयारी केली. आधी मेन बंद करून डबी उघडली, आणि पंख्याकडे जाणारी लाल वायर तुझ्या चित्राप्रमाणे सोडवली. टोकाला चिकटपट्टी लावली. बोर्ड आणि नवा रिले तसेच ठेवले. मेन सुरू केलं. कार्ड आत होतं. मग सगळ्या खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं. पुढच्या दाराची कडी काढून ठेवली. खतीजाच्या दारात जाऊन म्हटलं, "आज आमचा पंखा लागणार नाही. टीव्ही बंद ठेव."

तिने आत जाऊन टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "जा तुमी. आमी हाव."

हर्षद जेवला. हात धुऊन आला. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "मी यावर सही करणार नाही. बारा तारखेला कर्जतला जाऊन जे पाहिलं ते सांगणार आहे."

"काय पायलंस तू?"

"सगळं. दर वेळी. चौकटीतून."

तो उठला. मला वाटलं, माझ्या अंगावर येतो आहे. तो माझ्या बाजूने गेला, चौकटीशी थांबला आणि त्याने बटण दाबलं.

सुरभी, मला वाटत होतं की ते बटण फक्त माझं आहे. मी दाबते हे त्याच्या लक्षातही येत नसेल, रागात त्याला काही भान नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. तो उभा राहून वाट बघत होता. पंखा लागेपर्यंत त्याने हात उचलला नाही. एवढं भान होतं त्याला. कायमच असणार.

डबीत टक झालं. पंखा लागला नाही. त्याने पुन्हा दाबलं.

मला हसू आलं. खरंच आलं. मी म्हटलं, "वायर काढली आहे मी."

मग त्याने मला मारलं. आधी थोबाडीत, मी खुर्चीसकट पडले. मग लाथा, बरगड्यांत. मी हात वर केला तो त्याने धरून टेबलाच्या कडेवर उलटा वाकवला. तो मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. एवढ्या वर्षांत या घरात असा आवाज कुणाला इतका स्वच्छ ऐकू आला नसेल. मी ओरडले. मला ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं. वर्गात मी कधी आवाज चढवला नाही, तुझ्या सासऱ्यांसमोर तर कधीच नाही. त्या दिवशी मी पोटातून ओरडले, आणि ते ओळीच्या शेवटच्या घरापर्यंत गेलं.

खतीजा आली ती थेट आत. हातात मासे कापायची मोठी सुरी. मागे महंमदभाई काठी टेकत, त्यांच्या मागे समोरच्या घरातला मनोज आणि त्याची आई. हर्षदने एव्हाना माझे केस मुठीत धरले होते. तो ओरडला, "चला, व्हा बाहेर! हे आमचं घरातलं हाय!"

खतीजा म्हणाली, "घरातलं असतं तर पंका लावला असतास की रं. आज नाय का लागला?"

त्याने माझे केस सोडले.

मनोजने त्याचे हात मागे धरले. त्याने मनोजच्या नाकावर डोकं आपटलं, रक्त आलं, पण मनोजने सोडलं नाही. महंमदभाईंनी काठी आडवी करून दार अडवलं. एवढे म्हातारे आहेत, एका धक्क्यात पडले असते. पण हर्षदने त्यांना धक्का दिला नाही. सुटायची धडपड सोडली तर चार माणसांसमोर त्याचा हात उठत नाही. ही इतकी साधी गोष्ट होती. मला ती तपासून बघायला दोन वर्षं लागली, आणि त्यात तुझा एक कान गेला.

पोलीस अर्ध्या तासाने आले. हर्षद आत्ता कोठडीत आहे. मी जबाब दिला. आधीचा जबाब खोटा होता असं त्यात लिहून घ्यायला लावलं. तो अधिकारी म्हणाला, "बाई, यात तुम्ही पण अडकाल." मी म्हटलं, लिहा. आयर्न त्यांनी नेलं, कानशीचा चुरा असलेला कागदही नेला. कार्ड माझ्यासमोर पाकिटात घालून बंद केलं. त्यातल्या नोंदी मी आधी उतरवून ठेवल्या होत्या, शेवटच्या दोन पोलिसांनी कार्ड तपासलं तेव्हा वाढवल्या, त्यांची नक्कल सोबत जोडली आहे. तुझ्या वकिलांना सांग, नवाच्या सुमाराचं आणि पंखा तपासतानाचं बटण सोडून द्यायचं, बाकीच्या प्रत्येक तारखेला काय झालं ते मी उलटतपासणीतही सांगेन. त्यांनी घाबरायचं कारण नाही. मला तारखा पाठ आहेत.

शेवटच्या दोन ओळी बघ. ९ मार्च, एक वाजून सहा मिनिटं, बटण. पुन्हा एक वाजून सहा मिनिटं, बटण. या माझ्या नाहीत.

पत्र पोस्टाने वेळेत पोहोचणार नाही, म्हणून मनोज आज संध्याकाळीच नेरळला देऊन येईल. उद्या सकाळी खतीजा आणि मी कर्जतला येतो आहोत. कोर्टात तू असशील. माझ्याशी बोलू नकोस, तशी अपेक्षा नाही. मी तुझ्या उजव्या बाजूला बसेन. तुझा उजवा कान चांगला आहे असं नोटिशीत वाचलं, म्हणजे मी जे सांगेन ते तुला ऐकू येईल.

तुझ्या चपला पिशवीत घालून आणते.

बटण अजून चौकटीला आहे. मनोजची आई घर आवरायला आली तेव्हा ओल्या फडक्याने ते पुसायला निघाली होती. मी तिला थांबवलं. पोलीस परवा पंचनाम्याला येणार आहेत. तेलकट डाग आहे त्यावर, बऱ्याच दिवसांचा. दोन बोटांचा आहे. एक माझं.

इंदुमती